जागरणाची किंमत : मोबाइल आणि टॉवर यांचा वीजहिशेब

रायपूर : शारदा चौकाकडून आझाद चौकाकडे जाणाऱ्या जी. ई. रोडवर, गजबजलेल्या बाजारपेठेला लागून तात्यापारा ही जुनी वस्ती आहे. छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येत गेली आणि रायपुरात ज्या भागांत त्यांनी बिऱ्हाडे थाटली, त्यांत तात्यापाऱ्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. एकमेकींना खेटून उभी असलेली घरे, चिंचोळ्या गल्ल्या, जुन्या जाड भिंती आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या सिमेंटच्या इमारती असे या भागाचे आजचे रूप आहे.

अशा वस्तीत राहणाऱ्या कोणालाही एक अनुभव सहज येतो. रस्त्याकडील सज्जात बसून वापरलेला मोबाइल रात्रीपर्यंत टिकतो. तोच मोबाइल त्याच घराच्या आतल्या खोलीत दिवसभर ठेवला, तर संध्याकाळच्या आतच चार्जर शोधावा लागतो. फोन तोच, वापरणारा तोच, वापरही जवळजवळ तेवढाच. मग फरक कशाचा? दोष बहुधा बॅटरीला दिला जातो. वास्तविक बॅटरी ही या व्यवहाराची केवळ थैली आहे. खर्च कोठे होतो हे पाहण्यासाठी फोनमधील चिप, भिंतीपलीकडचा टॉवर आणि त्या टॉवरला वीज पुरविणारे केंद्र, या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. तो मांडला की एक गोष्ट स्पष्ट होते. बिनतारी यंत्रणेत ऊर्जेचा मोठा भाग संदेश पाठविण्यात खर्च होत नाही. तो संदेशाची वाट पाहत जागे राहण्यात खर्च होतो.

थैली लहान, तिजोरी मोठी

प्रथम आकडे पाहू. आजच्या सर्वसाधारण स्मार्टफोनमध्ये ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. तिच्यात सुमारे १९ वॅट-तास एवढी ऊर्जा मावते. ती रोज एकदा पूर्ण भरली, तर वर्षाला साधारण ७ युनिट वीज लागते; चार्जरमध्ये आणि उष्णतेत वाया जाणारा भाग धरला तरी हा आकडा ८ ते ९ युनिटांच्या पुढे सहसा जात नाही. घरातील पंखा किंवा शीतकपाट यांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

आता टॉवरकडे पाहू. टॉवरवरील बेस स्टेशन, त्याची बॅटरी, वीजपुरवठ्याची उपकरणे आणि थंडावा राखणारी यंत्रणा मिळून सरासरी ३ किलोवॅट वीज लागते असे मानले, तर दिवसाला ७२ आणि वर्षाला सुमारे २६,००० युनिट होतात. म्हणजे असा एक टॉवर वर्षभरात जेवढी वीज घेतो, तेवढ्यात सुमारे तीन हजार मोबाइल वर्षभर रोज चार्ज होऊ शकतात. मोबाइल कंपन्यांच्या एकूण वीजखर्चाचा सर्वांत मोठा वाटा, साधारणतः तीन चतुर्थांश, या टॉवरांच्या जाळ्यावरच खर्ची पडतो.

या ३,००० वॅटपैकी प्रत्यक्ष लहरींच्या रूपाने हवेत किती जाते? तीन दिशांना तोंड केलेले तीन ॲन्टेना प्रत्येकी २० वॅट सोडत असतील, तर एकूण ६० वॅट. म्हणजे शेकडा दोन. उरलेली ऊर्जा प्रवर्धक, संगणन, वीजरूपांतर आणि थंडावा यांत उष्णता होऊन विरते. त्या ६० वॅटपैकी आपल्या फोनपर्यंत पोहोचणारा अंश तर कल्पनेपलीकडचा सूक्ष्म आहे. फोनमध्ये बऱ्यापैकी सिग्नल दिसत असतो तेव्हादेखील त्याच्या ॲन्टेनावर पडणारी शक्ती एका वॅटच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा हिस्सा असू शकते. तेवढ्यावरही फोन बोलणे ऐकतो, चित्रपट दाखवतो आणि पैसे पाठवतो. अडचण ऐकण्याच्या क्षमतेची नाही. ती ऐकू येण्याजोगे वातावरण सतत राखण्याच्या किमतीची आहे.

अंतराचा दंड

ऊर्जेचा पहिला मोठा खर्च अंतराचा. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले की तेवढाच सिग्नल पोहोचविण्यासाठी चौपट शक्ती लागते. दाट वस्तीत भिंती, पत्रे, वळणे आणि परावर्तन यांमुळे हाच दंड सोळापटीपर्यंत जाऊ शकतो. एखादी जाड भिंत किंवा लोखंडी शटर मध्ये आले तर सिग्नल दहापट किंवा त्याहूनही क्षीण होतो. आतल्या खोलीतील फोन लवकर का उतरतो, याचे उत्तर येथे आहे.

मोबाइल यंत्रणा यावर एक शिस्तबद्ध उपाय करते. टॉवर फोनला क्षणोक्षणी सांगत असतो : ‘आवाज वाढव’, ‘आता कमी कर’. चौथ्या पिढीचा म्हणजे ४जीचा सर्वसाधारण फोन कमाल २०० मिलिवॅट शक्तीने बोलू शकतो आणि टॉवर अगदी निकट असेल तर हीच शक्ती वीस लाखपटींनी खाली आणण्याची सोय त्यात असते. टॉवर जवळ, तर फोन कुजबुजतो. टॉवर दूर, तर त्याला ओरडावे लागते. ओरडणाऱ्याचा घसा जसा लवकर बसतो, तशी अशा फोनची बॅटरी लवकर संपते.

यातून एक विसंगती समोर येते. नागरी वस्तीत टॉवर उभारण्यास अनेकदा विरोध होतो. किरणोत्साराबद्दलची शंका विचारणे हा नागरिकांचा हक्कच आहे आणि त्याची दखल घेऊन भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरांच्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने शिफारस केलेल्या पातळीच्या एक दशांश इतकी कडक केली. परिसरातील टॉवरांची माहिती पाहण्यासाठी आणि मोजणीची मागणी करण्यासाठी दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळही सुरू केले. मात्र टॉवर हटवून दूर नेल्याने लहरी नाहीशा होत नाहीत. दूरच्या टॉवरशी बोलण्यासाठी कानाशी धरलेला फोनच अधिक शक्तीने बोलू लागतो. ऊर्जेच्या दृष्टीने पाहता एका उंच, दूरवर ओरडणाऱ्या टॉवरापेक्षा कमी शक्तीची अनेक लहान केंद्रे अधिक किफायतशीर ठरू शकतात. अट एवढीच की काम नसताना त्यांना झोपता आले पाहिजे.

फोनच्या झोपेचे शास्त्र

येथून दुसऱ्या आणि अधिक मोठ्या खर्चाकडे वळावे लागते. तो खर्च म्हणजे जागरण.

फोनमधील रेडिओ ही दिवा लावावा आणि विझवावा इतकी सोपी वस्तू नाही. एखादा संदेश आला की फोन नेटवर्कशी ‘जोडलेल्या’ अवस्थेत जातो. संदेश क्षणात उतरून घेतला जातो. पण त्यानंतर लगेच तो झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने काही सेकंद, जुन्या यंत्रणांत तर दहा-बारा सेकंद, तो तसाच जागा राहतो. पाहुणे गेल्यावरही अंगणातला दिवा जळत ठेवावा तसा हा प्रकार आहे. अभ्यासक या काळाला ‘शेपटीचा खर्च’ म्हणतात. परिणाम असा की एकदम दहा संदेश आले तर एकच शेपटी. पण तेच दहा संदेश दर मिनिटाला एक असे आले तर दहा शेपट्या. हवामान, बातम्या, जाहिराती, खेळांचे गुण यांसाठी पार्श्वभूमीत सतत डोकावणारी ॲप्स बॅटरी का संपवतात, हे यावरून उमजते. त्यांनी उतरवलेली माहिती थोडी असते. त्यांनी घडवलेले जागरण मोठे असते.

यावर काढलेले उपाय सर्व एकाच दिशेचे आहेत. फोन आणि टॉवर आधीच ठरवून घेतात की फोन अमुक क्षणी कान उघडेल आणि मधल्या काळात डोळा लावील. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ ही सोय आली. फोन टेबलावर पडून असेल तर सर्व ॲप्सची किरकोळ कामे अडवून ठेवायची आणि ठरावीक अंतराने सर्वांना एकदमच वाट मोकळी करून द्यायची, हे तिचे सूत्र. वायफायच्या सहाव्या पिढीतही प्रत्येक उपकरणाला जागे होण्याची वेळ नेमून देण्याची व्यवस्था आहे. पाण्याचे मीटर किंवा शेतातील ओलावा मोजणारी यंत्रे यांच्यासाठी आखलेल्या अरुंद पट्ट्याच्या तंत्रज्ञानात ही झोप तासांपासून दिवसांपर्यंत लांबवता येते. म्हणूनच एका बॅटरीवर दहा वर्षे हे त्या तंत्रज्ञानाचे उद्दिष्ट ठेवता आले.

चिपचा मितव्यय

फोनच्या मेंदूचीही हीच कथा आहे. चिपमधील प्रत्येक उघडझापेला लागणारी ऊर्जा तिला दिलेल्या विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब अर्धा केला तर एका कृतीचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून हलक्या कामाच्या वेळी चिपचा वेग आणि दाब दोन्ही खाली आणले जातात. २०११ मध्ये ‘आर्म’ कंपनीने मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे संगणक-गाभे एकाच चिपमध्ये बसविण्याची रचना मांडली : जड कामासाठी दणकट गडी, किरकोळ कामासाठी अल्पाहारी गडी.

या घराण्याच्या पहिल्या चिपची हकिकत तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २६ एप्रिल १९८५ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न कंपनीच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली ही चिप प्रथमच चाचणीसाठी आली. ती बिनचूक चालली. पण तिच्या वीजपुरवठ्यावर लावलेला मापक शून्य दाखवत होता. शोध घेता असे आढळले की वीजपुरवठा चिपला जोडलाच गेला नव्हता. शेजारच्या भागांकडून तारांतून झिरपणाऱ्या अत्यल्प विजेवर ती काम करत होती. मोबाइल फोन सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वीची ही गोष्ट. पुढे जगातील बहुतेक स्मार्टफोनांच्या मुळाशी हीच वंशावळ आली, यामागे हा मितव्ययी स्वभाव होता.

काम सावकाश करावे की भरभर उरकून झोपावे, हा मात्र दर वेळी मोजून पाहण्याचा प्रश्न आहे. केवळ लहरींची शक्ती मोजली तर सावकाश पाठविणे स्वस्त पडते. परंतु पाठविताना पडदा, चिप आणि रेडिओ जागे ठेवण्याचा ठोक खर्च चालूच राहतो. हा ठोक खर्च जितका अधिक, तितके भरभर उरकून झोपणे फायद्याचे. वेगवान नेटवर्क चांगल्या सिग्नलमध्ये बॅटरी वाचवते आणि क्षीण सिग्नलमध्ये तेच नेटवर्क बॅटरी खाते, या वरकरणी परस्परविरोधी अनुभवांची संगती अशी लागते.

टॉवरला झोप का येत नाही

फोन झोपायला शिकला. टॉवर मात्र दीर्घकाळ जागाच राहिला. रात्री तीन वाजता तात्यापारा चौकात चिटपाखरू नसते, दुकाने बंद असतात, घरांतील फोन उशाशी पडलेले असतात. तरीही टॉवरचा वीजखर्च दिवसाच्या तुलनेत फारसा उतरत नाही.

याचे कारण ४जीच्या मूळ आखणीत आहे. कोणताही फोन कोणत्याही क्षणी येऊन जोडला जाऊ शकतो म्हणून या यंत्रणेतील प्रत्येक केंद्र, जवळ कोणी असो वा नसो, दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा आपली ओळख सांगणारे संकेत सोडत राहते. दोन संकेतांमधील फट इतकी लहान असते की प्रवर्धक बंद करून पुन्हा सुरू करायला सवडच मिळत नाही. पाचव्या पिढीच्या म्हणजे ५जीच्या आखणीत ही चूक हेतुपुरस्सर दुरुस्त करण्यात आली. तेथे ओळखसंकेत सर्वसाधारणपणे २० मिलिसेकंदांनी एकदा दिला जातो आणि आवश्यकतेनुसार हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येते. मधल्या वेळेत केंद्राचे अनेक भाग झोपू शकतात.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. परंतु झोपण्याची सोय असणे आणि प्रत्यक्ष झोपणे यांत अंतर आहे. ५जीचे ॲन्टेना अनेक सूक्ष्म प्रक्षेपकांचे बनलेले असतात आणि भर वापरात त्यांची भूक जुन्या ॲन्टेनांपेक्षा अधिक असते. शिवाय त्याच खांबावर जुन्या पिढ्यांची यंत्रेही चालू असतात. साध्या फोनवर बोलणाऱ्या वृद्धासाठी जुनी सेवा बंद करता येत नाही आणि चालू ठेवली तर वीज दुप्पट लागते, अशी ही कोंडी आहे. रात्री गर्दी ओसरताच जादा वारंवारता-पट्टे बंद करायचे, काही ॲन्टेना मिटवायचे आणि पहाटे वर्दळ सुरू होण्याआधी त्यांना जागे करायचे, हे काम आता संगणकीय अंदाजांच्या साहाय्याने केले जाऊ लागले आहे. एका टॉवरची बचत यात किरकोळ दिसते. देशभरातील लक्षावधी टॉवरांची बेरीज किरकोळ राहत नाही.

रायपूरसारख्या शहरात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. बंदिस्त खोलीत ठेवलेल्या यंत्रांना वातानुकूलनाखेरीज गत्यंतर नसते आणि त्यामुळे यंत्राच्या विजेवर थंडाव्याची वीज चढते. उघड्यावर चालू शकणारी, वाऱ्यानेच थंड होणारी यंत्रे वापरणे आणि प्रवर्धक थेट ॲन्टेनाजवळ खांबावर चढविणे, हे दोन बदल त्यामुळेच महत्त्वाचे ठरले.

डिझेलकडून सूर्याकडे

छत्तीसगडात या हिशेबाची दोन टोके एकाच राज्यात पाहायला मिळतात. एका टोकाला कोरबा आहे. तेथील एनटीपीसीच्या केंद्राचीच क्षमता २,६०० मेगावॅट असून जवळच गेवरा ही आशियातील मोठ्या कोळसा खाणींमध्ये गणली जाणारी खाण आहे. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. वर उल्लेखिलेल्या २६,००० युनिटांच्या टॉवरमागे हा आकडा वर्षाला सुमारे १८ टन होतो. तात्यापाऱ्यातील फोन निर्धूर दिसतो. त्याचा धूर अन्यत्र निघतो एवढेच.

दुसऱ्या टोकाला बस्तर आहे. जंगलातील आणि डोंगरांतील अनेक ठिकाणी खात्रीची वीज नसल्याने टॉवर उभारणे हीच समस्या होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चापत्रात देशभरातील परिस्थितीचे चित्र मांडले होते. तेव्हा देशात सुमारे ३ लाख १० हजार टॉवर होते आणि त्यांच्या विजेच्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के गरज डिझेल जनित्रे भागवत होती. वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर डिझेल टॉवरांसाठी जळत होते. एक लिटर डिझेलमागे २.६३ किलो कर्बवायू निघतो, असा त्या पत्राचा हिशेब होता.

त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश दिले. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरी भागातील २० टक्के टॉवर, तर २०२० पर्यंत अनुक्रमे ७५ आणि ३३ टक्के टॉवर जाळ्यातील वीज व अपारंपरिक ऊर्जा यांच्या मिश्रणावर चालावेत, असे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट चांगले होते. पण प्रत्येक टॉवरजवळ सौरपट्ट्यांना पुरेशी जागा नसते. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत एका छतावर २४ तास ३ किलोवॅट पुरविण्याएवढे सौरफलक मावणे दुरापास्तच. त्यामुळे पुढील काळात धोरणाचा भर किती टॉवर सौर झाले याऐवजी एकूण कर्बउत्सर्जन किती घटले याकडे वळला.

नक्षलग्रस्त भागांसाठीच्या सरकारी योजनेने वेगळी वाट धरली. बीएसएनएलमार्फत उभारलेल्या २जी केंद्रांसाठी कमी वीज खाणारी यंत्रे निवडण्यात आली, जेणेकरून ती सौरऊर्जेवर चालावीत. क्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. आधी भूक कमी केली, मग सूर्य पुरला. भूक तशीच ठेवून केवळ सौरफलक वाढविले असते, तर जंगलात ते ना परवडले असते ना टिकले असते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्तीसगडसह दहा राज्यांतील अशा २,३४३ केंद्रांचे २जीवरून ४जीमध्ये रूपांतर करण्यास मंजुरी दिली. वेग वाढला की वीजही अधिक लागते. त्यामुळे बचतीची कसोटी आता तेथे नव्याने लागत आहे. २०१८ मध्ये छत्तीसगड शासनाने संचार क्रांती योजनेतून महिलांना आणि विद्यार्थ्यांना स्मार्टफोन वाटले, तेव्हाही फोन पोहोचला पण सिग्नल कोठे, हा प्रश्न दुर्गम गावांतून पुढे आला होता. सिग्नलचा प्रश्न बऱ्याच अंशी विजेचाच प्रश्न असतो.

खामलोलीचा धडा

काटकसरीने संपर्कजाळे विणण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या वारंवारता-पट्ट्यातून गावांना इंटरनेट देण्याचा प्रयोग केला. या पट्ट्यातील लहरी तुलनेने लांब असल्याने त्या झाडे व चढउतार ओलांडून दूरवर जातात. तेवढ्याच शक्तीत अधिक गावे जोडता येतात. दूरचा पल्ला या लहरींनी गाठायचा आणि गावात शेवटचे काही पावलांचे अंतर वायफायने, अशी ही विभागणी होती. पुढे ‘ग्राममार्ग’ या नावाने वाढलेल्या या उपक्रमाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला.

या विचाराचा पाठपुरावा आंतरराष्ट्रीय मानकापर्यंत गेला. २०२४ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने, ‘आय-ट्रिपल-ई’ने, परवडणाऱ्या ब्रॉडबँडसाठी कमी हालचालीच्या आणि ऊर्जाक्षम जाळ्याचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील मूळ निरीक्षण साधे आहे. जगातील मोबाइल यंत्रणा ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीतील प्रवाशालाही सेवा मिळावी अशा बेताने आखलेली असते. खेड्यातील बहुसंख्य माणसे मात्र घरात, शाळेत किंवा ओट्यावर बसून फोन वापरतात. धावणाऱ्याच्या मापाची यंत्रणा बसलेल्यासाठी चालविणे हा अपव्यय आहे. हे निरीक्षण खेड्याइतकेच तात्यापाऱ्यातील घरांनाही लागू पडते.

बचतीलाही पाय फुटतात

एवढी सुधारणा होऊनही एकूण वीजखर्च का उतरत नाही? कारण बचतीच्या पाठोपाठ वापर वाढतो. भारतात २०१४ मध्ये एका ग्राहकाचा महिन्याचा डेटावापर पाव जीबीच्या आसपास होता. दहा वर्षांत तो वीस जीबींच्या पुढे गेला. एका जीबीमागे लागणारी वीज वेगाने घटली, हे खरे; परंतु जीबींची संख्या त्याहून वेगाने वाढली, तर एकूण बिल वाढणारच. म्हणून ‘एका जीबीमागे इतकी बचत’ एवढाच दावा पुरेसा मानता येत नाही. सबंध जाळ्याने वर्षभरात किती युनिट घेतले आणि किती डिझेल जाळले, हा आकडा ग्राहकांसमोर यायला हवा.

ग्राहकाच्या हाती काय

वैयक्तिक पातळीवरही काही गोष्टी विचारपूर्वक करता येतात. सिग्नल क्षीण असलेल्या खोलीत घरचे वायफाय वापरणे हा सर्वांत प्रभावी उपाय. कारण त्यामुळे फोनला दूरच्या टॉवरकडे ओरडावे लागत नाही. ५जी सतत येत-जात असेल तर त्या ठिकाणापुरते ४जी निवडणे हितावह. दोन्हींचा शोध घेत राहण्यात बॅटरी जाते. अनावश्यक ॲप्सच्या सूचना बंद केल्याने जागरणे कमी होतात. याउलट वापरातील ॲप्स वारंवार झटकून बंद करण्याची सवय फारशी उपयोगाची नाही. ती पुन्हा उघडताना अधिक काम पडते.

पडद्याच्या काळ्या पार्श्वभूमीबद्दलही अतिशयोक्त समज आहेत. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका खरोखरच विझलेला असतो. मात्र अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्के असताना काळ्या पार्श्वभूमीने होणारी बचत ३ ते ९ टक्केच असते. उजेड पूर्ण असताना ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे घरात बसलेल्याने पडद्याचा उजेडच उतरविणे अधिक शहाणपणाचे. उन्हाळ्यात फोन गाडीत किंवा उन्हात ठेवू नये; उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य कायमचे घटते. एका फोनची वर्षाची वीज ८-९ युनिट असली तरी तो घडवताना याच्या अनेकपट ऊर्जा खर्ची पडलेली असते. म्हणून चालता फोन एक-दोन वर्षे अधिक वापरणे ही कोणत्याही सेटिंगहून मोठी बचत आहे.

ग्राहक आपला फोन झोपवू शकतो. गल्लीच्या टोकाचा टॉवर झोपवणे मात्र कंपन्या, नियामक आणि शासन यांच्याच हाती आहे. टॉवर कोठे असावा एवढ्यावरच वस्तीतील चर्चा थांबू नये. तो किती वीज घेतो, रात्री त्याचा किती भाग मिटतो आणि वीज गेल्यावर तो कशावर चालतो, हेही विचारले गेले पाहिजे. तात्यापाऱ्याच्या आतल्या खोलीतील विद्यार्थ्याला अखंड सिग्नल हवा आहे आणि कोरबा परिसरातील माणसाला निर्मळ हवा हवी आहे. काम नसेल तेव्हा निजणारी आणि हाक येताच उठणारी यंत्रणा या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करू शकते.